दोरी कुणी सोडायची? आर.सी. ग्लायडरच्या एरोटोइंगची गोष्ट

(भागाचं लेखी रूप. बोलताना येणारे ‘अं’, ‘म्हणजे काय तर’ आणि मधेच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



गेल्या भागात आपण थर्मलबद्दल बोललो. तापलेली हवा कशी वर चढते आणि इंजिन नसलेला ग्लायडर तिच्यात गिरक्या घेत अर्धा-पाऊण तास कसा तरंगतो, ते सगळं. त्यावर नाशिकच्या एका श्रोत्यांनी अगदी रास्त प्रश्न पाठवला. “थर्मल तर दोनशे मीटरवर. तिथपर्यंत तुमचा बिनइंजिनचा ग्लायडर पोचतो कसा? फेकता का?”

छोटा असेल तर खरंच फेकतो. दीड मीटर पंखांचा हलका ग्लायडर थाळीफेकीसारखी गिरकी घेऊन चांगला पन्नास मीटर वर फेकणारे लोक आहेत. पण चार मीटर पंख, सहा किलो वजन, खऱ्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती आणि बनवायला दोन हिवाळे लागलेले! असलं मॉडेल फेकायला गेलात तर तुमचा खांदा जाईल आणि मॉडेल समोरच्या मक्यात जाईल. मग उरतात चार-पाच रस्ते. डोंगराच्या कड्यावरून वाऱ्यात सोडायचं, रबराच्या लांब दोरीने गलोलीसारखं उडवायचं, विंचने ओढायचं, नाकात घडीचा पंखा असलेली इलेक्ट्रिक मोटर बसवायची, नाहीतर दुसऱ्या इंजिनवाल्या मॉडेलच्या शेपटीमागे दोरीने बांधून वर न्यायचं.

आज या शेवटच्या प्रकाराबद्दल, म्हणजे एरोटोइंगबद्दल बोलू. मी राहतो त्या दक्षिण जर्मनीत याला ‘एफ-श्लेप’ म्हणतात. श्लेपन म्हणजे ओढणं, आणि एफ हा विमान या शब्दाचा. उन्हाळ्यात कुठल्याही मॉडेल क्लबच्या गवताळ पट्टीवर रविवारी गेलात तर हे दिसण्याची बरीच शक्यता असते. पुढे एक जाडजूड, आवाज करणारं विमान, मागे वीस-पंचवीस मीटर दोरी, आणि दोरीच्या टोकाला लांब पंखांचा शांत ग्लायडर. पुढच्याला टग म्हणतात, बंदरातल्या टगबोटीसारखं. जमिनीवर दोन माणसं दोन रिमोट घेऊन खांद्याला खांदा लावून उभी असतात.

ही कल्पना मॉडेलवाल्यांची नाही. खऱ्या ग्लायडरांचा पाळणा म्हणजे जर्मनीतला वासरकुप्पे नावाचा डोंगर. तिथे १९२० पासून स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा ग्लायडर रबरी दोरीने उतारावरून सोडत. म्हणजे उडायचं तर डोंगर हवाच. १९२७ साली जर्मनीतच विमानामागे ग्लायडर बांधून वर नेण्याचे प्रयोग झाले आणि डोंगराची अट सुटली. सपाट मैदानातून उडा, हव्या त्या उंचीवर, हव्या त्या ढगाखाली सुटा.

पुणेकर श्रोते म्हणतील, आमच्या हडपसरला तर विमानाशिवाय ग्लायडर वर जायचे. बरोबर आहे. तिथे विंच वापरत. मैदानाच्या एका टोकाला मोठं इंजिन दोर गुंडाळतं आणि दुसऱ्या टोकाचा ग्लायडर उभाच्या उभा चढतो, अगदी पतंगासारखा. हा पतंग शब्द लक्षात ठेवा, कारण आजचा सगळा भाग त्याभोवतीच फिरणार आहे. विंचवर ग्लायडरने पतंग व्हावं अशीच इच्छा असते. म्हणून तिथे हूक पोटाखाली, गुरुत्वमध्याजवळ असतो. दोरी ताणली की नाक वर उचललं जातं आणि तो चढतो. एरोटोइंगमध्ये मात्र पतंग होणं हा गुन्हा आहे. म्हणून हूक थेट नाकात बसवतात. दोरी नाकाला धरून ओढते, आणि मॉडेल आपोआप टगच्या दिशेने तोंड करून राहतं. वेसण घातलेल्या बैलासारखं.

आता जरा आकडेमोड करू, घाबरू नका. पाच किलोचा ग्लायडर घ्या. चांगला ग्लायडर एक मीटर खाली येताना वीस मीटर पुढे जातो. याचा अर्थ असा, की सरळ उडताना त्याला हवेचा विरोध वजनाच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे फक्त पाव किलो. आता टग पंधरा अंशाच्या चढाने वर जातोय. त्या चढामुळे पाच किलोतला साधारण चौथा हिस्सा, सव्वा-एक किलो, दोरीवर येतो. एकूण दीड किलो. दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली यापेक्षा जड असते! माझ्या हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी परत परत हिशेब करून पाहिला. टगला ओढायचं फार काही नसतंच.

मग मोडतोड होते ती कशाने? झटक्याने.

बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला दोरी बांधून कधी ओढून नेलीये? मागच्याने ब्रेक-ॲक्सिलरेटरचा घोळ घातला की दोरी आधी ढिली पडते आणि मग ‘खाड्’ करून ताणली जाते. तेव्हा बंपर तरी निघतो नाहीतर दोरी तरी तुटते. आकाशात हेच होतं. समजा ढिली पडलेली दोरी परत ताणली जाताना दोन मॉडेलांच्या वेगात सेकंदाला तीन मीटरचा फरक आहे. दोरी जर अजिबात न ताणणारी असेल, फार तर दहा सेंटिमीटर देणारी, तर ढोबळ हिशेबाने पाच किलोच्या ग्लायडरचा झटका वीस किलोच्या वर जातो. तीच दोरी एक मीटर लांबू शकत असेल तर झटका सव्वादोन किलोवर येतो. म्हणून टोइंगसाठी साधी नायलॉनची दोरी वापरतात. केव्हलारसारखी ‘दणकट’ दोरी इथे दुश्मन आहे. पतंगवाल्यांना मी नेहमी सांगतो, की मांजाचं डोकं इथे चालवू नका. दोरी जितकी कडक तितकी चांगली, हा नियम इथे उलटा आहे.

शिवाय दोरीच्या टोकाला मुद्दाम एक कमजोर तुकडा लावतात. पातळ नायलॉनचा फासा. नेहमीची ओढ तो आरामात सोसतो, पण मोठा झटका आला की आधी तोच तुटतो. घरातला फ्यूज समजा. तो तुटला म्हणून चिडून जाड लावणारे लोकही आहेत, जसे फ्यूजला तांब्याची जाड तार गुंडाळणारे असतात.

आणि आता मुख्य गोष्ट. टगचा हूक कुठे असतो? खऱ्या विमानांत तो शेपटीच्या टोकाला असतो. मॉडेलमध्ये आपल्याला निवड करता येते, आणि बहुतेक चांगल्या टगांत तो पाठीवर, पंखाच्या जरा मागे बसवतात. दोरी तिथून शेपटीच्या वरून मागे जाते. कारण काय? समजा मागचा ग्लायडर पतंग झाला, सरसर वर गेला. आता दोरी टगला मागे ओढतेय आणि वरही ओढतेय. हूक शेपटीत असेल तर ती ओढ लांब दांड्याच्या टोकाला लागते. शेपूट वर, नाक खाली. टगच्या पायलटने एलेव्हेटर पूर्ण ओढला तरी उपयोग नाही, कारण शेपटीवर आता त्याची सत्ता उरलेली नाही. हूक पाठीवर मध्याजवळ असेल तर तीच ओढ पुष्कळ कमी घात करते. कमी, पण शून्य नाही. याला ‘टग अपसेट’ म्हणतात, आणि खऱ्या ग्लायडिंगमध्ये यात टगचे पायलट जिवाला मुकले आहेत. मागचा माणूस क्षणभर दुसरीकडे बघतो आणि जीव पुढच्याचा जातो.

आमच्याकडे माणूस जमिनीवर असतो, म्हणून जीव वाचतो. पण विमान जातं.

मागच्या वर्षी बाहेरून आलेल्या एका पाहुण्याचा ग्लायडर टो करताना मी तिथेच, पंख धरायला उभा होतो. टग चालवत होते आमच्या क्लबातले सत्तरीचे एक गृहस्थ. त्यांना मी मनातल्या मनात ‘आजोबा’ म्हणतो. ग्लायडर हलका, पंख लांब, त्यामुळे तो टगच्या आधी जमिनीवरून उठला. हे नेहमीचंच आहे. अशा वेळी ग्लायडरवाल्याने एलेव्हेटर किंचित खाली दाबून मॉडेल दीड-दोन मीटरवर धरून ठेवायचं असतं, टग उठेपर्यंत. पाहुण्याचं मॉडेल ट्रिममध्ये नाक-वर होतं. टग नुकताच उठलेला, पंधरा मीटरवर असेल नसेल, आणि ग्लायडर त्याच्या डोक्यावर उभा चढायला लागला. टगची शेपूट वर गेली. आजोबांनी एक शब्द उच्चारला नाही, फक्त बोट हललं. दोरी सुटली, टग गव्हाच्या ओंब्यांना जवळजवळ घासून वर आला. पाहुण्याने मात्र घाबरून ग्लायडर मागे वळवायचा प्रयत्न केला. वेग नव्हताच. एक पंख खाली गेला आणि मॉडेल पट्टीच्या कडेला आपटलं. पंखाची मुळाची बाजू फाटली.

पाहुणा भडकला. “मला न सांगता सोडलंत!”

आजोबा शांतपणे म्हणाले, “सांगायला वेळ असता तर सोडलं नसतं.”

मला वाटतं, एरोटोइंगचा करार या एका वाक्यात आहे. दोरीला दोन हूक आहेत आणि दोन्ही माणसांना न विचारता आपापला हूक उघडायचा हक्क आहे. विशेषतः पुढच्याला. कारण मागच्याच्या चुकीची शिक्षा आधी त्याला मिळते. म्हणून आमच्याकडे उड्डाणाआधी ग्लायडरवाल्याला विचारतात, “आत्ता, दहा मीटरवर मी तुला सोडलं तर तू काय करशील?” उत्तर एकच बरोबर: नाक खाली, सरळ समोर उतरणार. वळणार नाही. ज्याला हे उत्तर पटकन देता येत नाही त्याला टो मिळत नाही. कडक वाटेल, पण मी या नियमाच्या बाजूने आहे.

हूक म्हणजे तरी काय? अगदी साधी गोष्ट. नाकात एक नळी, तिच्यात दोरीचा फासा सरकवायचा आणि आडवी पोलादी तार त्या फाशातून पार करायची. तार सर्व्होला जोडलेली. रिमोटचं बटण ढकललं की तार मागे सरकते, फासा मोकळा. भानगड एवढीच, की टेबलावर हे दहा वेळा छान चालतं आणि आकाशात दोरी ताणलेली असताना तार घट्ट अडकते, कारण सर्व्हो कमजोर असतो. म्हणून तपासणी ताणलेल्या दोरीवर करायची. एकाने मॉडेल धरायचं, दुसऱ्याने दोरी चांगली जोर लावून ओढायची आणि मग बटण. दोन्ही मॉडेलांवर, दर वेळी. रिमोटवर बटणही असं निवडायचं की बोट न बघता तिथे जाईल.

समजा तरीही ग्लायडरचा हूक अडकला, तर ओरडून सांगायचं. टग आपल्या बाजूने सोडेल. मग तुमच्या ग्लायडरच्या नाकाला पंचवीस मीटर दोरी लोंबत असेल, हे विसरायचं नाही. उतरताना कुंपण, झाडं आणि माणसं यांच्यावरून भरपूर उंचीने यायचं.

बाकीचं उड्डाण सांगायला सोपं आहे. वाऱ्याच्या तोंडाला दोन्ही मॉडेलं एका रेषेत ठेवायची. टग हळू पुढे सरकतो, दोरी ताणली की ग्लायडरवाला ओरडतो “झाइल श्ट्राफ!”, दोरी ताणली. मग थ्रॉटल हळूहळू पण पूर्ण. एकजण पंखाचं टोक धरून चार पावलं पळतो. सुरुवातीला वेग कमी असल्याने एलेरॉनला धार नसते. पंख गवतात टेकला तर लगेच सोडून द्यायचं, ‘सावरेल’ म्हणून वाट बघायची नाही. वर गेल्यावर टग मोठमोठी, आळशी वळणं घेतो. ग्लायडरने त्याच्या किंचित वर राहायचं आणि वळणात आतून शॉर्टकट मारायचा नाही. आतून गेलात की अंतर कमी होतं, दोरी ढिली, आणि मग तो झटका.

दोरी ढिली पडलीच तर पहिली इच्छा होते नाक वर ओढायची. नेमकी चुकीची इच्छा! रडरने नाक जरासं बाजूला करून थोडा विरोध वाढवायचा, आणि दोरी ताणत येईल त्या क्षणी नाक किंचित खाली करून टगचा वेग पकडायचा. खरं तर नवशिक्याला माझा सल्ला असतो, की शक्य तितकं कमी कर. नाकाला दोरी आहे, मॉडेल आपणहून मागे जाणार. निम्मी संकटं ‘सुधारणा’ करणाऱ्या अंगठ्यांतून येतात.

अवघड आहे ते बघणं. खऱ्या ग्लायडरचा पायलट टगच्या बरोबर मागे बसलेला असतो. आपण जमिनीवरून, बाजूने, दीडशे मीटर अंतरावरून बघतो. ग्लायडर टगच्या वर आहे की फक्त लांब आहे, हे कळत नाही. म्हणून दोघं जवळ उभे राहतात आणि सतत बोलतात. “डावीकडे वळतोय.” “जरा वेगात आहेस.” “तू वर चाललायस, खाली ये.” हे बोलणं रेडिओवरच्या कॉमेंट्रीसारखं अखंड चालू असतं. ज्या दिवशी दोघांचं भांडण झालेलं असतं त्या दिवशी त्यांनी टो करू नये असं मी अर्ध्या गमतीने म्हणतो. पण अर्ध्याच.

टग सेकंदाला चार मीटर चढला तरी मिनिटाभरात अडीचशे मीटर. मग “सुटतोय!” ग्लायडर सोडतो आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे उजवीकडे वळतो. टगवाला दोरी मोकळी झाल्याची खात्री करून डावीकडे खाली येतो. इथे अचानक शांतता होते. टगचा आवाज लांब जातो आणि कानात फक्त व्हेरिओची टिकटिक उरते. लोक यासाठीच येतात.

पण आपण टगबरोबर खाली येऊ, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही. टगचं काम अजून संपलेलं नसतं. मागे दोरी लोंबतेय. काहीजण पट्टीवरून खालून जाताना दोरी टाकतात, मग वळून उतरतात. काहीजण दोरीसकट, जरा उंचावरून तीव्र उताराने येतात म्हणजे ती कुंपणात अडकत नाही. टगचा पंखा मुद्दाम मोठ्या व्यासाचा आणि कमी पिचचा असतो, म्हणजे कमी वेगात जोरात ओढतो आणि इंजिन मंद केलं की ब्रेकसारखा धरतो. आजोबा उतरतात, दोरी सरळ करतात, पुढच्याला हाक मारतात. एका रविवारी पंधरा-वीस वेळा. पेट्रोल त्यांचं, इंजिनाची झीज त्यांची. बदल्यात पेट्रोलचे पैसे आणि केकचा तुकडा. ग्लायडरवाल्याने तासभर थर्मल पकडला तर टाळ्या त्याला!

आणि म्हणूनच टगवाले कमी होतायत. आता नाकात घडीचा पंखा असलेले इलेक्ट्रिक ग्लायडर मिळतात. कुणाची वाट बघायची नाही, कुणाचे उपकार नाहीत. माझ्याकडेही तसा एक आहे आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी, एकटा असलो की मी तोच नेतो. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या लाकडी ग्लायडरची प्रतिकृती करणाऱ्याला त्याच्या नाकाला पंखा लावायचा म्हणजे जिवावर येतं. अशांसाठी टग हवाच. आमच्याकडे नियमित टो करणारे आता दोघंच आहेत. गेल्या हिवाळ्यात आजोबांनी मला टगचा रिमोट हातात दिला आणि शिकवायला सुरुवात केली. पहिला धडा काय, तर थ्रॉटल नाही, चढण नाही. नुसतं बोट बटणावर ठेवून उडवायचं, आणि ते ओरडले की त्या क्षणी दोरी सोडायची. सलग तीन रविवार तेवढंच.

भारतात करायचं असेल तर? मोठ्या पेट्रोल टगपासून सुरुवात करू नका. फोमची जोडी घ्या. मल्टिप्लेक्सचं फनकब आणि ईझी ग्लायडर ही इथली जुनी, लाडकी जोडी. अशाच मापाची, सव्वा ते दीड मीटरचं विमान आणि पावणेदोन-दोन मीटरचा ग्लायडर, कुठलीही चालेल. पंधरा-वीस मीटर पातळ नायलॉन, मध्ये रंगीत रिबनचा तुकडा म्हणजे दोरी दिसते. दोन्हीकडे हूक, दोन्हीकडे तपासणी. आणि दोन्ही मॉडेलं एकेकटी डोळे झाकून उडवता येईपर्यंत दोरी बांधू नका. जागा निवडण्याआधी ड्रोन रूल्स २०२१ आणि डिजिटल स्कायवरचा एअरस्पेसचा नकाशा बघायचा. पुण्यात लोहगाव विमानतळाच्या परिसरात तर आधी नकाशा, मग गाडीत सामान.

श्रोत्यांचा आणखी एक प्रश्न होता, एका टगमागे दोन ग्लायडर ओढता येतात का. येतात, वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्यांनी. मी बघितलंय. जमिनीवर तिघं उभे असतात, तिघंही एकाच वेळी बोलतात आणि कुणीच ऐकत नाही. लग्नाच्या मांडवासारखं. त्याच्या नादी लागू नका.

पुढच्या भागात व्हेरिओबद्दल बोलू. ती टिकटिक नक्की काय मोजते, आणि ती कधी चक्क खोटं बोलते. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा.